रिमोट पुढे, गाडी मागे

कंडक्टरकाकांनी नोकरीची सगळी वर्षं ड्रायव्हरच्या पाठीमागे उभं राहून काढली. पुढे बसलेला माणूस किती वाईट चालवतोय यावर त्यांची मतं ठाम होती, आणि ती त्यांनी कधी पोटात ठेवली नाहीत. प्रत्येक ड्रायव्हरने त्यांना कधी ना कधी ऐकवलं होतं, "एवढं कळतं तर या, बसा इथे." निवृत्त झाल्यावर काका खरंच बसले. रीतसर गाडी शिकले. पहिल्या परीक्षेत नापास झाले, कारण परीक्षकालाच क्लच कसा सोडावा हे समजावून सांगत बसले. दुसऱ्या वेळी काकूंनी निघताना बजावलं, "तोंड उघडायचं नाही," आणि काका पास झाले.

मग त्यांनी ओळखीतल्या एकाकडून जुनी, छोटी, निळी गाडी घेतली. गाडी तशी साधीच होती. मागचा एक दरवाजा दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे आणि पावसाचं पाणी पुसणारा दांडा काचेवर किंचाळत असे. पण चावीला रिमोट होता. एक बटण दाबलं की गाडी बंद, दुसरं दाबलं की उघडी, आणि दोन्ही वेळेला गाडी 'टुक' करून डोळे मिचकावायची. आयुष्यभर दोरी ओढून घंटी वाजवलेल्या माणसाला याचं किती अप्रूप वाटावं! पहिल्या आठवड्यात काका गाडी लावून घरात यायचे आणि खिडकीतून एकदा परत टुक करून बघायचे. काकू म्हणायच्या, "अहो, ती काय उत्तर देणारे का?" काका म्हणायचे, "देते की."

आणि एके दिवशी तिने उत्तर द्यायचं बंद केलं.

काका-काकू बाजार करून गाडीपाशी आले होते. दोन्ही हातांत पिशव्या, वर कडक ऊन. काकांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, जवळ जाऊन दाबलं, काचेला टेकवून दाबलं. गाडी आपली ढिम्म. शेवटी त्यांनी चावीच दाराच्या भोकात घालून फिरवली. दार उघडलं, आणि गाडीने जी बोंब ठोकली, ती ऐकून समोरच्या दुकानातला न्हावी एका गालाला साबण लावलेल्या गिऱ्हाइकासकट बाहेर आला. रिमोटशिवाय जो दार उघडेल तो चोर, असं त्या गाडीला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. काकूंच्या हातातून कांद्यांची पिशवी सुटली. कांदे रस्ताभर पसरले. एक बाई थांबून संशयाने म्हणाली, "गाडी तुमचीच आहे ना?"

"नाही, चोरतोय," काका ओरडले. "बायकोला आणि भाजीला बरोबर घेऊन!"

मग त्यांनी केला लेकीला फोन. लेक एका मोठ्या ऑफिसात होती, आणि तिच्या हाताखाली बरीच माणसं होती, त्यामुळे घरच्या माणसांशीही ती त्याच आवाजात बोलायची. तिने फोनवरच ओळखीच्या चावीवाल्याला तिकडे धाडलं आणि मागोमाग स्वतःही निघाली.

चावीवाल्याच्या दुकानावर 'की एक्स्पर्ट' अशी पाटी होती, म्हणून सगळे त्याला एक्स्पर्टच म्हणत. त्याचाही त्यावर विश्वास बसला होता. स्कूटरवरून उतरताना त्याने रिमोट हातात घेतला, कानाशी हलवला आणि निकाल देऊन टाकला, "बॅटरी." त्याने बॅटरी बदलली. मग गाडीत बसून दार ओढलं, चावी चालू-बंद केली, बटण दाबून धरलं, आणि गाडी 'टुक' म्हणाली. बोंब थांबली. तेवढ्यात लेक पोचली. तिने रिमोट हातात घेतला, दाबला. टुक. पुन्हा दाबला. टुक.

"चाललाय की," ती म्हणाली.

"आता चाललाय. मघाशी चालत नव्हता."

"बाबा, बरोबर बटण दाबलं होतंत ना?"

"दोनच बटणं आहेत! एक चुकलं तर दुसरं बरोबर असणार ना?"

लेकीने रिमोट त्यांच्या हातात ठेवला आणि फोनमध्ये डोकं घातलं. काकांना तिचं बोलणं चालायचं. तिचं न बोलणं त्यांना जास्त झोंबलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, या वेळी दातांच्या दवाखान्यासमोर. काकांचा अर्धा जबडा बधिर होता, त्यामुळे गाडीची बोंब आणि काकांचे खुलासे दोन्ही कुणाला समजले नाहीत. एक्स्पर्ट आला. "कॉन्टॅक्ट," म्हणाला. रिमोट उघडून आतली पट्टी खोडरबराने घासली, गाडीत बसला, ओढलं, चालू-बंद, दाबून धरलं, टुक. लेक आली. तिने दाबलं. टुक. त्याच्या पुढच्या वेळी "रबर गेलंय," म्हणून त्याने रिमोटचं घरच नवं बसवलं. हे नवं बटण मात्र काकांना फार आवडलं. जुन्यासारखं मऊ मेणचट नाही, कसं खणखणीत! त्यानंतर तर गाडी दर दोन दिवसांनी रुसायला लागली. एक्स्पर्टने शेजाऱ्यांच्या आपोआप उघडणाऱ्या गेटवर आळ घेतला, मग समोरच्या मोबाइलच्या टॉवरवर, मग गाडीच्या आधीच्या मालकावर. आत्मविश्वास मात्र एकदाही कमी झाला नाही. आणि दर वेळी लेक येईपर्यंत गाडी सुतासारखी सरळ झालेली असायची.

शेवटी लेकीने ऑफिसातून सुट्टी घेतली, आई-वडिलांना घेतलं आणि सगळ्यांना एक्स्पर्टच्या दुकानात उभं केलं.

दुकान म्हणजे एक खण. भिंतभर चाव्या, मधे चावी कापायचं मशीन, आणि ते चालू असलं की समोरच्याचं तोंड हलताना फक्त दिसायचं. एक्स्पर्टने मशीन बंद केलं आणि रिमोट टेबलावर ठेवला.

"आता मी खरं काय ते सांगतो," तो म्हणाला.

"म्हणजे इतके दिवस काय सांगत होतात?" लेक म्हणाली.

एक्स्पर्टने ते ऐकलंच नाही असं दाखवलं. "रिमोट दर वेळी तोच सिग्नल पाठवत नाही, ताई. चोराने पकडू नये म्हणून दर दाबाला नवा आकडा पाठवतो. गाडी पण आकडे मोजत बसलेली असते. दोघं जोडीने पुढे जातात. पण गाडी लांब असली, किंवा तिचं इंजिन चालू असलं, की तिला रिमोट ऐकूच येत नाही. तेव्हा कुणी बटण दाबत बसलं, तर रिमोट जातो पुढे आणि गाडी राहते मागे. थोडं अंतर गाडी सांभाळून घेते. फार झालं की ओळखच देत नाही."

काकांना हे लगेच पटलं. तिकिटांची गड्डी एका नंबरावर आणि हिशेब दुसऱ्याच नंबरावर, हा घोळ त्यांनी उभ्या जन्मात एकदाच होऊ दिला होता आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं.

"मी शेवटी ते चालू-बंद करून बटण धरतो ना, त्यानं दोघं परत जोडीला येतात," एक्स्पर्ट म्हणाला.

"म्हणजे ती बॅटरी, ते रबर, ते खोडरबर..." काकू म्हणाल्या.

"ते केलेलं चांगलंच असतं, काकू." एक्स्पर्ट घाईने पुढे सरकला. "घरात लहान मूल आहे का? रिमोट खेळायला घेणारं?"

"लहान कुणी नाही," काकू म्हणाल्या. "आम्ही दोघंच. रिमोट यांच्याच हातात असतो. मला तर हात लावू देत नाहीत."

"बाबा, तुम्ही उगाच दाबत बसता का?"

"मी? मी कशाला दाबू?" काका उसळले. "मला काय वेड लागलंय?"

लेक भिंतीवरच्या चाव्या बघायला लागली. काकूंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. हा शब्द आपण स्वतःच्याच तोंडाने त्यांच्या हातात दिला, हे काकांच्या लक्षात आलं.

लेकीने दुकानाबाहेर आल्यावर बोलून टाकलं. मागच्या महिन्यात दूध गॅसवर ठेवून काका गाडी पुसायला गेले होते. तिच्या वाढदिवसाचा फोन त्यांनी दोनदा केला होता, सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा तितक्याच उत्साहाने. आणि आता हे. "मी एका डॉक्टरांची वेळ घेतलीय," ती म्हणाली. "विसरण्याबिसरण्याचे डॉक्टर आहेत. ते काय म्हणतात बघू. आणि बाबा, माझ्या ऑफिसातल्या एकांना जुनी गाडी हवीये. डॉक्टरांना जराही शंका आली, तर गाडी त्यांना देऊन टाकायची. भर रस्त्यात तुम्ही काय कराल या विचाराने मला काम सुचत नाही."

काका भांडले नाहीत. काकूंना त्याचंच जास्त वाईट वाटलं. एरवी हा माणूस मिठावरून भांडायचा.

खरं म्हणजे काकांना स्वतःलाच धास्ती बसली होती. रोज आंघोळ करताना ते आपल्या जुन्या रूटचे सगळे थांबे क्रमाने म्हणून बघायचे, जाताना आणि येताना. एक दिवस येताना एक थांबा सापडेना. अंगाला साबण तसाच ठेवून ते त्या थांब्याच्या शोधात किती वेळ उभे राहिले कोण जाणे. काकूंनी दार ठोठावलं तेव्हा त्यांनी आतून विचारलं, "अगं, शाळेनंतर काय?" काकू बाहेरून म्हणाल्या, "शाळेनंतर पाण्याची टाकी. पाणी संपेल, बाहेर या." काका बाहेर आले, पण दिवसभर त्यांना काही गोड लागलं नाही. गाडी जाईल याचं दुःख होतंच. पण गाडी ज्या कारणाने जाईल, त्या कारणाने पुढे आणखी काय काय जाईल, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नव्हता.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी एकटे एक्स्पर्टकडे गेले आणि ते चालू-बंदचं प्रकरण शिकून घेतलं. एक्स्पर्ट आधी तयार नव्हता, आपल्या विद्येचं तेवढंच एक गुपित शिल्लक आहे म्हणाला. काका स्टुलावर बसून राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बॅटरी, रबर आणि खोडरबराची हकीकत सांगायला लागले. तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळी एक्स्पर्ट म्हणाला, "काका, या, शिकवतो."

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी गाडी काकांनीच चालवली. लेक शेजारी बसली होती आणि तिचा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. काकू मागे बसून वाटेत दिसेल ते मोठ्याने वाचून दाखवत होत्या, म्हणजे मधेच शांतता नको. हॉस्पिटलच्या आवारात काकांनी गाडी अशी नेमकी दोन रेघांच्या मधे लावली की कुणीतरी बघायला हवं होतं. कुणी बघितलं नाही. टुक करून ते वर गेले.

वरची खोली थंडगार होती. भिंतीला लागून खुर्च्या, कोपऱ्यात माशांची पेटी, काचेमागे एक रिसेप्शनवाली. समोरच्या खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई आपल्या सुनेबरोबर बसल्या होत्या. कुणी बोलत नव्हतं. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला आपण काहीतरी चुकीचं बोलू आणि तेच लिहून घेतलं जाईल अशी भीती वाटत असावी. काका ताठ बसले. मनात थांबे म्हणायला लागले. डेपो, मार्केट, पूल, शाळा, पाण्याची टाकी.

रिसेप्शनवालीने एकदा मान वर करून बघितलं. थोड्या वेळाने परत बघितलं. मग उठून काचेबाहेर आली.

"काका, तेवढं बंद करता का, प्लीज?"

"काय बंद करू?"

"ती टकटक."

काकांनी लेकीकडे बघितलं. लेकीने काकूंकडे.

"कसली टकटक?" काकूंनी विचारलं.

"इथे तर काहीच आवाज नाही," लेक म्हणाली. आवाज ऑफिसातला.

रिसेप्शनवालीच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने शिताफीने आवरलं. एका पेशंटची वेळ घेऊन अख्खं कुटुंब आलेलं दिसतंय, असं काहीसं ते होतं.

तेवढ्यात समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी आपल्या सुनेचा हात घट्ट धरला. "म्हणजे तुम्हालाही ऐकू येतंय?" त्या रिसेप्शनवालीला म्हणाल्या. "बरं झालं बाई! मला वाटलं, माझ्याच डोक्यात वाजतंय."

"नाही हो आई, मीही ऐकतेय मघापासून," सून म्हणाली. "त्या काकांच्या हातात आहे."

सगळ्यांनी काकांच्या हाताकडे बघितलं. काकांनीही बघितलं. मांडीवर उजवा हात होता, हातात रिमोट होता, आणि अंगठा आपला स्वतःच्या नादात बटण दाबत होता. टक टक. टक टक. जरा थांबून, टक टक. इतका निवांत, की काकांना ते दुसऱ्याच कुणाचं बोट वाटलं. त्यांनी त्याला थांबवलं. तेव्हा कुठे तिघांना पहिल्यांदा आवाज ऐकू आला, म्हणजे तो नसल्याचा आवाज.

"अगंबाई," काकू म्हणाल्या.

तिकिटाला भोक पाडायचा पंच सगळी नोकरीभर काकांच्या त्या हातात होता. गर्दीतून वाट काढताना टक टक, सुटे काढा म्हणताना टक टक, कुणाशी बोलत नसले तर नुसतंच टक टक. सुट्टीच्या दिवशी घरी असले तर बॉलपेन. निवृत्तीच्या दिवशी खात्याने पंच जमा करून घेतला, अंगठा जमा करून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"म्हणून आपल्या घरात पेन टिकत नव्हतं!" काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "मी त्या दुकानदाराशी किती भांडलेय! दर वेळी स्प्रिंग गेलेली. माल हलका देतोस म्हणून त्याच्याकडे जायचं सोडलं मी."

"आणि तुला ऐकू यायचं नाही, आई?"

"तुला यायचं का?"

लेकीने आठवून बघितलं. ती त्या आवाजात जन्मली होती, त्या आवाजात रांगली होती, पाढे त्या आवाजात पाठ केले होते. घड्याळाची टिकटिक कुणी ऐकत बसतं का? एक्स्पर्टने विचारलं तेव्हा काका-काकूंनी अगदी शपथेवर सांगावं तसं सांगितलं होतं की रिमोट कुणी दाबत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या घरात ऐकणारंच कुणी नव्हतं.

आत डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण शिक्षण मोठं असल्यामुळे त्यांनी ते खोकल्यात घातलं. मग रीतसर तपासणी झाली. काकांनी घड्याळाचं चित्र काढलं, उलटे आकडे म्हणून दाखवले, मघाशी सांगितलेले शब्द जसेच्या तसे परत सांगितले, आणि डॉक्टरांनी न विचारता रूटचे सगळे थांबेही ऐकवले, जाताना आणि येताना. दूध उतू जाण्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "ते माझंही जातं." वाढदिवसाच्या दोन फोनांबद्दल त्यांनी काकांनाच विचारलं.

काका खाली बघत म्हणाले, "सकाळी ती घाईत होती. नीट बोलली नाही. म्हणून दुपारी परत केला."

लेकीने मान फिरवली.

"डोकं उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "अंगठ्याचं काही मी करू शकत नाही. आणि तुम्ही दोघी," ते काकूंकडे आणि लेकीकडे वळले, "कधीतरी कान दाखवून घ्या."

बाहेर आल्यावर लेक दोन पावलं चालली आणि भिंतीला धरून उभी राहिली. हाताखालच्या माणसांना कधी दिसला नसेल असा तिचा चेहरा झाला होता. "मला गाडीचं काही नव्हतं, बाबा," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. "मला वाटलं, तुम्ही जायला लागलात. इथेच असून जायला लागलात. एक दिवस फोन कराल आणि मी कोण ते विचाराल."

"वेडी आहेस का," काका म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मलाही तेच वाटत होतं, बाळा. मी कुणाला सांगितलं नाही." इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं, आणि ते उतरल्यावर कळलं की केवढं होतं. काकूंनी दोघांना रुमाल दिला आणि स्वतःचे डोळे पदराने पुसले. समोरून जाणाऱ्या एका नर्सने वाईट बातमी समजून तिघांना बसायला बाक दाखवला.

खाली गाडीशी आल्यावर काकांनी बटण दाबलं.

गाडी ढिम्म.

उघडणार तरी कशी? वर बसून अंगठ्याने रिमोट पार कुठल्या कुठे नेऊन ठेवला होता. लेकीने सवयीने फोन काढला. "थांबा, एक्स्पर्टला बोलावते."

"ठेव तो," काका म्हणाले.

त्यांनी चावी दाराला लावली. गाडीने बोंब ठोकली. हॉस्पिटलचं आवार ते, शांतता राखा अशी पाटी नेमकी समोर. पहारेकरी शिट्टी फुंकत धावत आला. वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली, त्यात ती रिसेप्शनवाली होती, म्हाताऱ्या बाई होत्या आणि बहुतेक डॉक्टरही. "आता मात्र सगळ्यांना ऐकू येतंय," काकू कानांवर हात ठेवून ओरडल्या. पहारेकरी काचेवर थापा मारत काहीतरी सांगत होता. कुणाचीही पाचावर धारण बसावी असा तो प्रसंग. काका आत बसले. दार ओढून घेतलं. चावी चालू, बंद. चालू, बंद. पुन्हा चालू. बंद करायचं बटण दाबून धरलं, धरून ठेवलं, सोडलं नाही. पहारेकरी शिट्टीत आणखी हवा भरायला लागला. काकांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मग उघडायचं बटण, एकदाच.

टुक.

एवढी शांतता झाली की वरच्या खिडकीतून कुणीतरी टाळी वाजवलेली स्वच्छ ऐकू आली. त्या म्हाताऱ्या बाई होत्या.

काकांनी काच खाली केली आणि रिमोट असलेली चावी लेकीपुढे धरली. "असं कर," ते म्हणाले. "गाडी उघडणं आणि लावणं आजपासून तुम्ही बघा. हा रिमोट चावीपासून सुटा होतो. तो तुझ्या आईकडे राहील, नाहीतर तुझ्याकडे. माझा या अंगठ्यावर भरवसा नाही. चालवणं तेवढं मला ठेवा."

लेकीने रिमोट सोडवून घेतला आणि चावी वडिलांच्या हातात परत दिली. मग ती मागे बसली. पुढची जागा तिने आईला दिली. एरवी पिशव्या सांभाळत मागेच बसणाऱ्या काकू पहिल्यांदा पुढे बसल्या आणि पट्टा कुठून ओढायचा ते शोधायला लागल्या.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा लेकीचा फोन वाजला.

"हो, बोला," ती ऑफिसातल्या आवाजात म्हणाली. काकांनी आरशात बघितलं. "हो, मी म्हणाले होते. गाडीचं म्हणताय ना? नाही. ती विकायची नाही." पलीकडचा माणूस काहीतरी बोलत राहिला, बहुतेक वाढवून देत होता. "नाही हो, किमतीचा प्रश्न नाही. गाडी मालकांना लागते. मालक स्वतः चालवतात." मग जरा थांबून, "छान चालवतात."

पुढे सिग्नल लाल होता. काकांनी ब्रेक दाबला, क्लच दाबायचाच राहिला, आणि गाडी बंद पडली. सिग्नल हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. काकांना समोरचं काही नीट दिसत नव्हतं. काकूंनी हळूच त्यांच्या हातात रुमाल कोंबला. एवढ्या सगळ्यात मागच्या सीटवरून एका शब्दाची सूचना आली नाही.

गाडी चालू झाली, चौक ओलांडला, हॉर्न मागे राहिले. तेव्हा काकांना मागून एक बारीकसा आवाज ऐकू आला. आज सकाळपर्यंत तो त्यांच्या कानांनी टिपला नसता. त्यांनी पुन्हा आरशात बघितलं. लेक खिडकीबाहेर बघत होती, कुठल्या विचारात होती कोण जाणे, चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. मांडीवर उजवा हात होता आणि हातात रिमोट. टक टक. टक टक. जरा थांबून, टक टक.

काकूंनीही ऐकलं. त्या मागे वळून बोलणार, तोच काकांनी मान हलवून त्यांना नको म्हटलं. घरी पोचल्यावर गाडी ओळख देणार नव्हती, पुन्हा बोंब मारणार होती, शेजारी बाहेर येणार होते. येऊ देत. काय करायचं ते त्यांना पाठ होतं.